स्पंजाचा नमुना वाळवू नका

महोदय,
रक्ताच्या कर्करोगावरचे सायटाराबिन कॅरिबियन समुद्रातल्या स्पंज या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यातील रसायनांवरून सुचले. जपानमध्ये तर ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हे कर्करोगविरोधी रसायन मिळाले अवघे १२.५ मिलिग्रॅम! त्यावर बेतलेले कर्करोगाचे औषध एरिब्युलिन म्हणूनच प्रयोगशाळेत घडवावे लागले.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांनी अशा रसायनांच्या प्रकल्पासाठी स्पंजाचा अंगठ्याएवढाच तुकडा घ्यावा. बूड खडकावर राहिले तर स्पंज पुन्हा वाढू शकतो. नळाच्या पाण्याने पेशी फुटतात, तेव्हा समुद्राच्याच पाण्यात खळबळून, न वाळवता लगेच बर्फात ठेवावा. बर्फ नसेल तर तिप्पट अल्कोहोलमध्ये बुडवावा. तुकड्यातले पाणी सुटून अल्कोहोल पातळ होते आणि नमुना कुजतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलायचेच. ठाणे खाडीच्या अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये, ही कळकळीची विनंती.

– सागरी रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, वाशी