अनोळखी बाळाचा बाळंतविडा

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

दिवाळी सरली की ग्वाल्हेरात थंडीची चाहूल लागते आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पुष्कळदा ५ अंशांच्याही खाली उतरतो. या दिवसांत जुने कपडे व पांघरुणे गोळा करण्याची आवाहने जागोजागी होतात. त्यांतून जमणाऱ्या ढिगात तान्ह्या बाळाच्या उपयोगाचे मात्र फार थोडे असते, आणि जे असते ते बहुधा विटलेले, उसवलेले किंवा अंगाला टोचणारे असते. शहराच्या लष्कर आणि मुरार या भागांतील मराठी घरांत लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणाआधी दुपटी, टोपडी, झबली शिवून बाळंतविडा तयार करणारे हात अजून आहेत. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीकडून येथील शासकीय रुग्णालयांत येणाऱ्या, कित्येकदा नेसत्या वस्त्रांनिशी घाईने निघालेल्या स्त्रियांच्या बाळांसाठीही याच हातांनी, तितक्याच निगुतीने दुपटी शिवावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

द्यायचे आहे म्हणून कापडात काटकसर करू नये. घरच्या नातवंडाला आजीच्या सुती लुगड्याचे दुपटे सर्वांत चांगले. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्याला आलेला मऊपणा नव्या कापडाला येत नाही. परंतु रुग्णालयात, विशेषतः ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना जंतुसंसर्गाची भीती अधिक असते, म्हणून तेथे नवे कापडच द्यावे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेली ‘प्रोजेक्ट लायनस’ ही संस्था आजारी व संकटातील मुलांना हाताने केलेली पांघरुणे पोहोचवते. पांघरूण नवे आणि धुता येण्याजोगे असावे, अशी तिचीही अट आहे.

मलमल किंवा मऊ सुती कापड बेतण्यापूर्वी गरम पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे ते जे आटायचे ते आधीच आटते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे आणि रंग लागला तर ते कापड सरळ बाजूला ठेवावे. सुमारे ८० सेंटीमीटरचा चौकोन आणि तीन पदर पुरेसे होतात. कापूस भरू नये, कारण धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि हिवाळ्यात तो लवकर वाळत नाही. कच्च्या टाक्यांनी पदर बसवून घ्यावेत आणि मग कडेकडून आत, चौकोनात चौकोन असा, बोटभर अंतराने धावदोरा घालत जावे. दोऱ्याची गाठ पदरांच्या आत दडवावी आणि शिवून झाल्यावर दोन्ही बाजूंनी हात फिरवून एकही सुटा धागा उरलेला नाही, याची खात्री करावी. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर तेथील रक्तप्रवाह अडू शकतो. मणी, टिकल्या, बटणे, लेस यांना येथे जागा नाही. आपल्या भागात चंदेरीचे काठ लावून दुपटे सजवण्याची हौस फार आहे. पण त्या काठांची जरतार नाजूक कातडीला ओरखडते, तेव्हा ते काठ बारशाच्या आहेराच्या पिशवीला लावावेत.

दुपटे बाळाला गुंडाळून घेण्यासाठी आणि मांडीवर अंथरण्यासाठी आहे. वर्षाच्या आतील बाळाला झोपवताना तोंडावर येईल असे सैल पांघरूण ठेवल्यास गुदमरण्याचा धोका असतो, हे देतानाच समजावून सांगितले पाहिजे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. अशा वेळी बाळाला टोपडे आणि पायमोजे लागतात, तर पांघरूण मायलेकरांना मिळून पुरेल एवढे मोठे हवे असते. म्हणून सुई हातात घेण्यापूर्वी त्या कक्षातील परिचारिकेला भेटून नेमके काय कमी पडते ते विचारावे. आपण हौसेने दुपटी शिवत बसायचे आणि तिकडे गरज टोपड्यांची असायची, असे होऊ नये.

तयार वस्तू धुऊन, इस्त्री करून परिचारिकेच्या स्वाधीन कराव्यात. बाळंतिणीच्या हातात दुपटे देताना छायाचित्र काढण्याचा आग्रह कोणीही धरू नये. ओली बाळंतीण संकोचाने नाही म्हणू शकत नाही, आणि आपल्या घरच्या बाळंतिणीचे असे छायाचित्र परक्या माणसाने काढलेले आपल्याला चालणार नाही.

ज्या महिला मंडळांना व भजनी मंडळांना हे काम हाती घ्यावेसे वाटेल, त्यांनी पौषातील कडाक्याच्या थंडीपूर्वी पहिली खेप पोहोचेल अशा बेताने आरंभ करावा आणि एका बाळामागे दोन दुपटी हे प्रमाण धरावे, कारण एक वाळत असताना दुसरे लागतेच.

आपली विश्वासू,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर