२:४१ पासून ऐक

सोलापूर
रविवार, रात्रीचे दीड

भावा,

सात महिने झाले. तुझा शेवटचा मेसेज अजून तसाच पडलाय, "ठीकाय, कर तुला काय करायचंय ते", आणि त्याखाली मी एक अक्षर लिहिलं नाही. बारशाला पण आलो नाही. कामाचं कारण सांगितलं होतं ते खोटं होतं, तुझ्यासमोर येऊन उभारायची हिंमत झाली नाही एवढंच खरं. शिव्या दे, ऐकून घेतो. पण एवढ्या रात्री लिहायलोय ते फक्त माफीसाठी नाही. एक गोष्ट माझ्याजवळ मार्चपासून पडून आहे आणि ती तुला सोडून कुणाला सांगायचं मन होईना.

घरी सगळं बरंय. आईचा गुडघा तसाच, दादाला शुगर निघाली, गोळ्या चालू आहेत. पाणी चार दिवसाआड.

माझा एकट्याचा रॅपचा अल्बम झाला. नऊ गाणी, एकतीस मिनिटं. तुला माहीतच असणार, बारक्याच्या पोटात काही राहत नाही.

पार्क चौकात आपली जुंपली तेव्हा तू म्हणलेलास, "एकटा बोलायला दम पुरणार का तुला?" मला तो टोमणा वाटला. सहा महिने तो शब्द डोक्यात घेऊन फिरलो, गाडी चालवताना एकटाच तुला उत्तरं द्यायचो. आणि पहिलं गाणं रेकॉर्ड करायला उभारलो तर अकराव्या बारला (चार ठोक्यांचा एक बार) दम तुटला. परत घेतलं, परत तिथंच. रात्री उशिरा कळलं काय होतंय ते. स्टेजवर मी सोळा बार बोलायचो आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तू मागून उचलायचास, तेवढ्यात मी श्वास घ्यायचो. इतकी वर्षं मी त्याला माझा फ्लो, माझी बोलायची लय समजत होतो, त्यातला अर्धा तुझा गळा होता. पवाड्यात झीलकरी ओढून धरतात म्हणून शाहिराला दम घेता येतो, हे आपण शाळेतल्या गॅदरिंगपासून बघत आलोय तरी मला कळलं नाही बघ.

आता पंच-इन करून जोडता येतं, एकेक ओळ वेगळी घ्यायची आणि चिकटवायची, सगळेच करतात. मीपण दोन गाणी तशी केली. ऐकली तर वाटलं हा माणूस श्वासच घेईना गेलाय, गुदमरायलाय. मग सगळं लिखाण परत काढलं, ओळी छाटल्या, जिथं तुझा शब्द यायचा तिथं अर्धा ठोका मोकळा सोडला. मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, आमच्या मागच्या खोलीत चारी बाजूंनी चादरी टांगून (त्यातल्या दोन तुमच्याच कारखान्यातल्या, मोरवाल्या), आवाज येतो म्हणून पंखा बंद. एक टेक झाला की बनियन पिळायचो. आई दाराबाहेरनं ओरडायची, अरे मरशील तिथं आत.

आणि त्या खोलीत बसून आपलं जुनं भांडण मी एकटाच परत भांडत होतो. अमेरिकेतल्या रॅपवाल्यांत भारी कोण, आईस क्यूब का वू-टँग. मी कायम क्यूबवाला. त्याचा ग्रुप एनडब्ल्यूए एवढा पेटलेला असताना १९८९ च्या शेवटी पैशाच्या हिशोबावरून तो बाहेर पडला, आपल्याच ग्रुपातल्या ड्रेकडून बीट घ्यायचे होते ते जमलं नाही तर सरळ न्यूयॉर्कला जाऊन बॉम्ब स्क्वॉड या बीट करणाऱ्या टोळीबरोबर बसला आणि १९९० च्या मे मध्ये अल्बम आणून ठेवला. मला ते लई मर्दानी वाटायचं. तू म्हणायचास, "आणि पुढं काय झालं ते पण सांग की." पुढं ग्रुपनं त्याच्यावर गाण्यात तोंडसुख घेतलं, १९९१ ला त्यानं त्यांच्यावर, आणि एका गल्लीत वाढलेली पोरं असल्यासारखी माणसं एकमेकांच्या आया-बहिणींपर्यंत गेली. तुझं म्हणणं वू-टँगचं बघ, नऊ जण, १९९३ ला ग्रुपचा अल्बम काढतानाच करारात लिहून घेतलं की ज्याला पाहिजे त्यानं पाहिजे त्या कंपनीतनं सोलो करावं. वर्षभरात त्यातल्याच मेथड मॅनचा सोलो आला, कंपनी दुसरी, पण बीट ग्रुपातल्या आरझाचेच. "सुटं व्हायचं तर असं व्हायचं, भांडून नाही." हे तू पार्क स्टेडियमच्या भिंतीवर बसून म्हणलेलास, एकच इअरफोन दोघांत, डावा तुझा.

आपल्या सोलापूरचा शाहीर राम जोशी पण आधी धोंडी शाहिराच्या फडाला कवनं करून देत होता आणि मग स्वतःचा फड काढला. हे मला परवा कुणीतरी सांगितलं, म्हटलं तुला कळवावं, तुला असलं आवडतं.

मी क्यूबसारखं गेलो. हे मान्य करायला सात महिने लागले. पुण्याच्या शोनंतर तू नोकरी घेतलीस तेव्हा मी तुला व्हॉइस नोटमध्ये "पळालास" म्हणलो. तू पळाला नव्हतास. तुझ्या घरचे माग बंद पडत होते आणि घरात कमावणारा तू एकटा होतास, मला ते दिसत होतं आणि तरी बोललो. तो शब्द मी परत घेतो.

आणि ते दुसरं. आपल्या चाललेल्या गाण्याचं हूक, ती परत परत येणारी ओळ. अपलोड करताना गीतकाराच्या जागी मी नुसतं माझं नाव टाकलं, तू विचारलंस तर "फॉर्ममध्ये एकच रकाना होता" म्हणलो. एकच नव्हता. "प्लस"चं बटण होतं, मी दाबलं नाही. हूकमधला शब्द तुझा, तो पण कारखान्यात कांडी बदलता बदलता सुचलेला, मी समोर होतो. ते आता दुरुस्तीला टाकलंय, तुझं नाव, अर्धा वाटा, मागचे जे काय थोडे पैसे आलेत त्यातले तुझे बाजूला काढलेत. नवीन अल्बममध्ये पण तीन गाण्यात तुझ्या ओळी आहेत, तिथं पण तुझं नाव आहे. नको म्हणू नको. २०१२ ला कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून गीतकाराला त्याचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून पण देता येत नाही, तू नाही म्हणून काय होणार आहे. लॉरिन हिलचं माहितीये ना तुला, फ्यूजीज ग्रुपनंतर १९९८ ला एकटीचा अल्बम काढला, पाच ग्रॅमी मिळाले, आणि ज्या चार पोरांनी तिच्याबरोबर बसून काम केलं ती क्रेडिटसाठी कोर्टात गेली, २००१ ला बाहेर मिटवावं लागलं. तो अल्बम माझा सगळ्यात लाडका आहे. पण आता लावला की मला ती चार पोरं आधी आठवतात.

बारक्या मजेत आहे. विजापूर वेशीत दुकान टाकलंय मोबाईलचं, स्क्रीनगार्ड लावता लावता गिऱ्हाइकाला माझी गाणी ऐकवतो. चौथ्या गाण्यात तो एका जागी नुसता हसलाय, चुकून रेकॉर्ड झालं ते मी ठेवलं, तर आता म्हणतो, "भाई, क्रेडिट में लिख ना, हसनेवाला." लिहिलंय. खरंच लिहिलंय.

आता मूळ गोष्ट.

मार्चमध्ये तुमचे माग गेले. तुला तुझ्या वडिलांनी, नायनांनी, फोनवर सांगितलं असणार की व्यापारी आला आणि उचलून घेऊन गेला. तसं झालं नाही. तिथंच फोडले, घणानं. ओतीव लोखंड आहे ना, चार घावात तुटतं. मग किलोवर वजन केलं. मी आईच्या औषधाला निघालो होतो, वळणावरनंच तो आवाज आला म्हणून आत गेलो. तोवर तीन फुटले होते, दाराजवळचा एक राहिला होता, तो सकाळी न्यायचा होता. अम्मा बाहेर कट्ट्यावर विड्या वळत बसलेल्या, मान वर केली नाही, "तिन्नावा?", जेवलास का, एवढं विचारलं. मी हो म्हणलो.

नायना म्हणाले, "तुला आवाज पाहिजे होता ना?" त्यांच्या लक्षात होतं. आपण किती वर्षं म्हणत होतो मागाचा आवाज रेकॉर्ड करू, बीट करू त्याचा, आणि दरवेळी तू म्हणायचास, "करू की, माग काय पळून चाललाय?"

बीमवर थोडा ताणा शिल्लक होता. धोट्यात एक कांडी, अर्धीच, लाल सुताची. त्यांनी बटण दाबलं. मी फोन आधी रिकाम्या क्रेटवर ठेवला तर तो थरथरायला लागला, मग पोत्याची घडी करून त्यावर ठेवला. तुला तो आवाज काय सांगू, तू त्यात झोपलेलास लहानपणी. पण मी पहिल्यांदा एकट्या मागाचा ऐकला. कायम चार असायचे, एकमेकांत मिसळून नुसता पाऊस पडल्यासारखं. एकट्याचं सगळं सुटं ऐकू येतं, धोटा इकडं आपटतो, फणी मारते, धोटा तिकडं. घरी येऊन मोजलं, मिनिटाला १२६, मध्येच व्होल्टेज पडलं तर १२२ वर येतो आणि परत चढतो. मिक्सवाला पोरगा म्हणला सरळ करून देतो. मी नको म्हणलो, माझ्या ओळी त्याच्याप्रमाणं हलवल्या.

मग कांडी संपली. बाणा, आडवं सूत, संपला की माग आपोआप थांबतो, तुला माहितीये. थांबला. नायनांनी दुसरी कांडी घातली नाही. थोडा वेळ काहीच नाही, बाहेर अम्मांच्या सुपात पानं चाळवल्याचा आवाज, आणि मग ते तेलुगूत काहीतरी बोलले, पाच-सहाच शब्द, मागाकडं बघत. आणि बटण बंद केलं. खट.

सातवं गाणं त्याचंच आहे. शेवटी मी आठ बार मोकळे ठेवलेत, नुसता माग, मग तो थांबतो, मग नायना, मग खट. मिक्सवाला म्हणतो काप, लोक गाणं संपलं समजून पुढं जातील. कापलं नाही. ते आठ बार तुझे होते, पहिल्यापासून, तिथं मी बोलायचो नाही आणि तू तेलुगूत यायचास. त्या जागी मला काही लिहिताच येईना. चारदा बसलो. पण आता रात्री ऐकतो तर भीती वाटते की तुला हे कसं वाटेल. तुझ्या घरचं दुःख उचलून मी माझ्या गाण्याला शेवट केला असं वाटेल का? तू नव्हतास तिथं आणि मी होतो, हे परत एकदा सगळ्यांसमोर दाखवल्यासारखं होईल का? नायनांना विचारलं होतं, ठेवू का म्हणून, ते "ठेव की" म्हणाले. काय बोललात विचारलं तर हात हलवला, "काही नाही रे." आणि उठून मार्कंडेय मंदिराकडं गेले.

पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, कुणालाही ऐकवलं असतं तर अर्थ कळला असता. सहा महिन्यांत नाही ऐकवलं. तुझ्या आधी दुसऱ्या कुणी ऐकायला नको.

मला त्यातले दोनच शब्द लागतात. एक "कोडुकु", म्हणजे पोरगा, तो स्पष्ट आहे. पण ते मला पण कधीकधी तसंच हाक मारतात, त्यामुळं तू का मी का आणखी काही, समजेना. आणि शेवटचा शब्द "चालु". आमच्यात चालू म्हणजे चालू आहे, चालू ठेव. आणि तुमच्यात चालु म्हणजे बास, पुरे. ते मी तुमच्याच घरी शिकलो, अम्मा भात वाढत राहायच्या आणि तू म्हणायचास, चालु म्हण, नायतर थांबणार नाही ती. पण नायना माझ्याशी मराठीच बोलतात आणि तिथं मी उभा होतो. मग ते मागाला बास म्हणाले का मला चालू ठेव म्हणाले? मी ते शंभरदा ऐकलं असेल. आवाजावरनं पण कळेना.

पोरीचे फोटो बारक्याकडं बघितले, नाक तुझं आहे, बाकी सगळी वहिनीवर गेलीय ते बरं झालं. हप्ते कसे चाललेत, नवीन मॅनेजर बरा आहे का, गड्ड्याच्या जत्रेला येणार का यंदा, सगळं सविस्तर लिही. वहिनीला नमस्कार सांग, रागात असतील तर नको सांगू.

अल्बम शुक्रवारी टाकायचा म्हटलं तर तीन-चार आठवडे आधी अपलोड करावं लागतं, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत माझ्या हातात आहे. तोवर तू काप म्हणलास तर कापतो, कारण विचारणार नाही. आठ बार बोलून पाठवलेस तर तुझे घालतो, फोनवर रेकॉर्ड केलेस तरी चालतील, मी सावरून घेतो. आणि तसंच ठेव म्हणलास तर तसंच.

फाईल खाली जोडलीय. पोरगी झोपल्यावर ऐक, दोन्ही इअरफोन लावून. आधीचं माझं राहू दे, ते नंतर ऐकशील. २:४१ ला माग थांबतो, तिथनं ऐक, आणि ते काय म्हणाले ते मला सांग.

तुझाच