गृहमंत्र्यांना खुले पत्र : आमची यादी कशासाठी घेतलीत?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी नवी मुंबईत आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) उपासना चालू असताना पोलीस आले. 'इथे धर्मांतर चालतं' अशी कुणाची तरी तक्रार होती. आम्ही तिची प्रत मागितली, ती दिली नाही. आमच्याकडून मात्र नाव, मोबाइल नंबर, मूळ गाव आणि 'पूर्वीची जात' लिहून घेतली. माझ्या सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला किती पैसे मिळाले?" त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातलं, त्यांच्या आजोबांपासूनचं घर ख्रिस्ती. त्या आता उपासनेला यायला घाबरतात. घरी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं तरी आधी खिडकी लावायला सांगतात. त्यात हॉलच्या मालकानेही पुढच्या महिन्यापासून जागा नाही असं कळवलं. साहेब, हे भय कोणत्या कलमाखाली आमच्या घरात आलं?

14 फेब्रुवारी 2025 ला आपल्या सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून कुणीही उठतो आणि आमच्या दारात चौकशी करतो. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क नव्हे. आम्हाला ते मान्यच आहे. लोभाने किंवा धाकाने घेतलेला बाप्तिस्मा आमच्या लेखी बाप्तिस्माच नाही.

मी नर्स आहे. ज्या रुग्णांकडे कुणी फिरकत नाही, त्यांच्या उशाशी आमच्या मंडळीतल्या बायका बसतात, पेज भरवतात, विचारून प्रार्थना करतात. नको म्हटलं तर करत नाहीत. कुणी येशूबद्दल विचारलं तर सांगतात, आणि पुढेही सांगतील. करोनात डबे पोचवताना याच बायका सगळ्यांना चालत होत्या. तेव्हा कुणी त्यांची जात लिहून घेतली नाही.

ठाणे जिल्ह्याला ख्रिस्ती माणूस नवा नाही. 1321 मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे चार साधू मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी सत्तेच्या जोरावर जुलूम केला, तो चूकच होता. 1737 मध्ये ठाणे आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक ठेवली होती. लढून जिंकलेल्या मुलखात चिमाजीअप्पांनी जी खात्री दिली, ती स्वतंत्र देशात, मतं घेऊन निवडून आलेल्या सरकारला देता येत नाही?

मतांवरून आठवलं. निवडणुकीआधी एक उमेदवार याच हॉलमध्ये आले, हात जोडून उभे राहिले, दफनभूमीसाठी भूखंड मिळवून देतो म्हणाले. निवडून आल्यावर फोन उचलत नाहीत. नाताळच्या शुभेच्छांचा त्यांचा फलक तेवढा दरवर्षी चौकात लागतो. आमचे मृतदेह शहरभर फिरवायचे आणि फलकाकडे बघून समाधान मानायचं?

आणि हे फक्त आपल्याच पक्षाचं नाही. 1950 च्या आदेशाने दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवलं. तेव्हापासून दिल्लीत किती सरकारं आली, गेली! काहींनी आयोग नेमले, मुदती वाढवल्या. गावात जात तीच, विहिरीवरची वागणूक तीच, सवलत मात्र नाही. मग पैशासाठी धर्म बदलतात म्हणता, तो कोणता पैसा? आमच्यातल्या कितीतरी घरांनी ख्रिस्ती होऊन हक्काची नोकरी गमावली, कमावली नाही. राज्यात आम्ही धड टक्काभरही नाही. एवढ्याशा लोकांची एवढी भीती सरकारला का वाटते, हे मला खरोखर कळत नाही.

आमच्यावर गुन्हा असेल तर तो नोंदवा, आम्ही कोर्टात उभे राहू. नसेल तर तसं लेखी द्या. त्या दिवशी घेतलेली यादी कुठे आहे, कुणाकुणाला दाखवली, हे सांगा आणि ती रद्द करा. पुढच्या रविवारी आम्ही उपासनेला जमणार आहोत. हॉल नसला तर माझ्या घरी, दार उघडं ठेवून.

आपली,
नवी मुंबईतील एक मतदार