जर्मन हेल्मेट बनावट, प्रमाणपत्र खोटे: पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव विभाग, मुंबई

विषय: ‘प्रशियन अधिकाऱ्याचे अस्सल हेल्मेट, 1914’ या नावाने विकलेल्या वस्तूबाबत तक्रार

महोदय,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने दिवाळीआधीच्या आपल्या लिलावात पहिल्या महायुद्धातले एक जर्मन सुळकेदार हेल्मेट, म्हणजे पिकेलहाउब, ₹1,38,000 देऊन घेतले. ही रक्कम गावकऱ्यांच्या वर्गणीची आहे. सातारा जिल्ह्यातून त्या युद्धात गेलेल्या शिपायांची माहिती देणारे एक छोटे दालन वाचनालयात उभे राहते आहे, त्यासाठी ही खरेदी होती. कार्यवाह या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. आपण पाठवलेली वस्तू अस्सल नाही. ती अलीकडे बनवलेली प्रतिकृती आहे आणि तिच्यासोबतच्या सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रातला इतिहासही खोटा आहे.

प्रमाणपत्रात तीन गोष्टी ठामपणे लिहिल्या आहेत. हेल्मेट 1895 च्या मॉडेलचे असून प्रशिया या जर्मन राज्याच्या पायदळातल्या अधिकाऱ्याचे आहे. आतला रेजिमेंटचा शिक्का त्याच्या अस्सलपणाचा पुरावा आहे. आणि इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्यानंतर 1916 मध्ये 103 व्या मराठा पलटणीच्या एका जवानाने ते घरी आणले. तिन्ही विधाने टिकत नाहीत.

आधी चामड्याबद्दल. खोके उघडताच ताज्या रंगाचा वास आला, म्हणून कोल्हापुरात चपला बनवणाऱ्या एका जुन्या कारागिरांना हेल्मेट दाखवले. त्यांनी ते उलटे धरले, अस्तर बाजूला सारले आणि सुळक्याच्या बैठकीखालच्या भोकाची कापलेली कड नखाने खरवडली. आतून चामडे निळसर राखाडी निघाले. “हे क्रोमचं चामडं आहे,” ते लगेच म्हणाले. म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी असते, हे त्यांना आयुष्यभराच्या कामातून माहीत आहे. जर्मन हेल्मेटचा घुमट अशाच झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याचा असे. ते गरम पाण्यात मऊ करून साच्यावर ओढत, कडक होईपर्यंत वाळवत आणि मग काळ्या लाखेचे थरावर थर देत. क्रोमने कमावलेले चामडे गरम पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे ते तसे कडक होतच नाही. आपण पाठवलेला घुमट अंगठ्याने दाबला तर आत जातो आणि सोडला की पुन्हा वर येतो. शंभर वर्षांच्या लाखेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. इथे मात्र फवाऱ्याने मारलेला गुळगुळीत रंग आहे आणि व्हायझरच्या, म्हणजे कपाळापुढे आलेल्या कडेच्या, कोपऱ्यात त्याचा ओघळही सुकून राहिला आहे.

दोऱ्याने तर शंकेला जागाच ठेवली नाही. मागची, मान झाकणारी कड ज्या शिलाईने जोडली आहे तिचे एक टोक मोकळे लोंबत होते. काडीच्या ज्योतीजवळ नेल्यावर ते जळून राख झाले नाही. आक्रसले, वितळले आणि त्याचा कडक मणी झाला. सुती किंवा तागाचा दोरा असे करत नाही, नायलॉनसारखा कृत्रिम दोरा करतो. नायलॉन पहिल्यांदा तयार झाले 1935 मध्ये, अमेरिकेत. 1914 च्या हेल्मेटची मूळ शिलाई अशा दोऱ्याने झालेली असणे शक्य नाही. नंतर कोणी दुरुस्ती केली असेल म्हणावे, तर समोरचा व्हायझर, मागची कड आणि आतले अस्तर सगळीकडे तोच दोरा आणि तेच यंत्राचे टाके आहेत. या साऱ्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आता आपल्या तज्ज्ञाने दिलेल्या ओळखीबद्दल. या प्रकारचे हेल्मेट प्रशियात 1842 मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याच्या काळात आले आणि 1916 मध्ये पोलादी हेल्मेट येईपर्यंत त्याची घडण वेळोवेळी बदलत गेली. म्हणून ओळख पटवताना अधिकाऱ्याचे की शिपायाचे, हे आधी ठरवावे लागते. अधिकारी आपले हेल्मेट स्वखर्चाने खाजगी विक्रेत्याकडून घेत, त्यामुळे त्यावर सरकारी वाटपाचा रेजिमेंटचा शिक्का नसे. शिक्का असे तो शिपायांच्या हेल्मेटवर. म्हणजे आपण ज्या शिक्क्याला पुरावा म्हणता, तोच आपल्या वर्णनाच्या मुळावर येतो. अधिकाऱ्याच्या हेल्मेटमध्ये कपाळाला चामड्याची पट्टी आणि वर रेशमी अस्तर असते. इथे शिपायांसारख्या चामड्याच्या जिभा, म्हणजे जिभेच्या आकाराच्या पट्ट्या आहेत. अधिकाऱ्याचा गरुडाचा बिल्ला मागून स्क्रू आणि नटने बसवलेला असतो; इथे मागे कड्या आहेत. सुळक्याची बैठक धरणारे खिळे ताऱ्याच्या आकाराचे हवेत. इथे साध्या गोल डोक्याचे आहेत. बरे, शिपायाचे मानावे, तर 1895 च्या शिपाई मॉडेलची खूण असलेली, मागच्या पितळी पट्टीतली हवेची सरकती झडपही नाही.

कोकार्डची, म्हणजे हेल्मेटच्या बाजूच्या गोल रंगीत बिल्ल्याची चूक तर फोटोतही दिसते. 1897 पासून प्रत्येक हेल्मेटवर घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल आणि डाव्या बाजूला त्या त्या राज्याचे कोकार्ड असे. प्रशियाचे काळे-पांढरे-काळे. आपल्या हेल्मेटवर दोन्ही बाजूंना काळे-पांढरे-लालच आहे. अशा प्रतिकृती आपल्याच देशात बनतात आणि परदेशात विकल्या जातात. नाटक-सिनेमासाठी, हौसेसाठी त्या बनवण्यात काहीच गैर नाही आणि बनवणाऱ्या कारागिरांवर माझा रोष नाही. त्यांनी प्रतिकृती बनवली, आपण ती अस्सल म्हणून विकली.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी दोन उत्तरे दिली. एक, युद्धात चामडे कमी पडल्यामुळे जर्मनांनी मिळेल ते साहित्य वापरले. हे खरे आहे. ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरून येणारी कातडी अडली आणि हेल्मेटे नमद्याची, पत्र्याची, कॉर्कचीही झाली; 1915 च्या मॉडेलवर पितळेच्या जागी करडा पोलाद आला. पण त्या टंचाईत नायलॉन आले नव्हते. दुसरे उत्तर असे, की लिलावातली वस्तू ‘जशी आहे तशी’ विकली जाते. ही अट वस्तूच्या अवस्थेला लागू पडते: एखादी भेग, तुटलेला पट्टा, गंजलेला खिळा. वस्तू मुळात कोणती आहे, याबद्दल स्वतःच्या सहीने दिलेल्या खोट्या विधानाला ती लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो कुतच्या उल्लेखाचा. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या, पूना डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून ते लोक कुतमध्ये अडकले, घोडे कापून खाण्याची वेळ आली आणि 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंड यांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. त्यानंतर यातले बहुतेक शिपाई युद्ध संपेपर्यंत घरी आले नाहीत. कैदी म्हणून त्यांना वाळवंटातून अनातोलियाकडे पायी चालवत नेले. भुकेने, हगवणीने, उन्हाने कितीतरी वाटेतच गेले. त्यांच्यातल्या कोणी 1916 मध्ये एक चकचकीत जर्मन हेल्मेट गावी आणले, असे लिहिताना आपल्या तज्ज्ञांनी इतिहासाचे एखादे पानही उलटले नाही. कुतला वेढा घालणारे सैन्य तुर्की होते. त्यांचे जर्मन सेनापती फॉन डेअर गोल्ट्स शरणागतीच्या दहा दिवस आधी बगदादमध्ये वारले आणि तिकडे जर्मन अधिकारी मोजकेच होते.

मराठी मुलखाचा या हेल्मेटशी खरा संबंध हवा असेल, तर तो फ्रान्समध्ये सापडतो. 28 ऑक्टोबर 1914 ला नव्ह शापेल गावात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर जर्मनांवर चालून गेल्या आणि त्यांची मोठी हानी झाली. समोरच्या जर्मनांच्या डोक्यावर तेव्हा हीच सुळकेदार हेल्मेटे होती. आमच्या दालनात ही माहिती लागणार आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत आजही त्या युद्धाला गेलेल्यांचे स्मारक आहे आणि घराघरांत त्यांची नावे माहीत आहेत. त्या माणसांच्या हालअपेष्टा किंमत वाढवण्यासाठी वापरल्या, हे आम्ही विसरणार नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ₹1,38,000, त्यावरचे आपले लिलाव शुल्क आणि पाठवणीचा खर्च पूर्ण परत करावा आणि हेल्मेट आपल्या खर्चाने घेऊन जावे. प्रमाणपत्र लेखी रद्द करावे आणि ही वस्तू पुन्हा अस्सल म्हणून विकणार नाही, असे लिहून द्यावे. कुतच्या जवानाची हकीकत आपल्याला कोणी दिली, ते कळवावे. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूंच्या व्यापाराला 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवाना लागतो. आपला परवाना क्रमांकही कळवावा.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सातारा जिल्हा ग्राहक आयोगात अनुचित व्यापार प्रथेची तक्रार दाखल करू. कायद्यानुसार ती आमच्याच जिल्ह्यात करता येते आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीने तसा ठराव केला आहे. हेल्मेट, प्रमाणपत्र आणि जळलेला दोरा सीलबंद करून ठेवला आहे. आपला माणूस केव्हा पाठवता ते कळवावे. वस्तू पंचांसमोर ताब्यात देऊ.

आपला,
(सही)
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय,
जि. सातारा