नोटरीचा शिक्का नियम १२ प्रमाणे नसल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: 'नियमानुसार नोटरी शिक्का, ५० मि.मी.' या नावाने विकलेला शिक्का सदोष असल्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आमच्या कार्यालयाने वरील नावाचा प्री-इंक (आतच शाई भरलेला) शिक्का मागवला. आलेला शिक्का नोटरीच्या कामासाठी वापरता येत नाही. आपल्या ग्राहक सेवेने 'नाव घालून बनवलेला माल परत घेत नाही' एवढेच उत्तर दिले, म्हणून ही लेखी तक्रार.

नोटरी नियम १९५६ मधील नियम १२ शिक्क्याचे वर्णन नेमके करतो: साधा, गोल, ५ सें.मी. व्यासाचा, त्यावर नोटरीचे नाव, नेमून दिलेले कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचे नाव. नोटरी अधिनियम १९५२ च्या कलम ८ नुसार नोटरीची सही आणि अधिकृत शिक्का नसेल तर ते काम नोटरीने केलेले काम ठरतच नाही. त्यामुळे शिक्क्यातली चूक छपाईची किरकोळ चूक म्हणून सोडता येत नाही. प्रतिज्ञापत्र किंवा कुलमुखत्यारपत्र घेऊन पुढच्या कचेरीत गेलेल्या पक्षकाराचा कागद तिथे अडतो.

पहिला दोष मापाचा. कागदावर उठणारा ठसा बाहेरच्या रेघेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत ४६ मि.मी. भरतो. आपण सांगितलेले ५० मि.मी. हे शिक्क्याच्या साच्याचे माप आहे. प्री-इंक शिक्क्यात शाई धरणाऱ्या फोमची कड उष्णतेने बंद करावी लागते, नाहीतर कडेने शाई पाझरते. ती बंद कड छापत नाही, म्हणून ठसा साच्यापेक्षा लहान येतो. ५० मि.मी. ठसा हवा असेल तर साचा त्याहून मोठाच घ्यावा लागतो. नियम मोजतो तो कागदावरचा ठसा, प्लास्टिकचे कवच नव्हे. साधा रबरी शिक्का करणारे जुने कारागीरही व्हल्कनायझिंगमध्ये, म्हणजे रबर तापवून पक्के करताना, ते किती आकसते हे धरून मूळ अक्षरे थोडी मोठी लावत. आपल्या यंत्रात तो हिशेब कुणी केलेला दिसत नाही.

मंजुरीसाठी पाठवलेल्या नमुन्यानेही हा दोष पकडता येत नव्हता. पीडीएफ 'पानात बसवा' पर्यायाने छापली की माप बदलते आणि पडद्यावर तर मोजण्यात अर्थच नाही. नमुन्याच्या खाली ५० मि.मी. ची एक सरळ रेघ छापा. ग्राहक आधी त्या रेघेला फूटपट्टी लावेल, मगच वर्तुळ मोजेल.

दुसरा दोष मजकुराचा आणि तो अधिक गंभीर आहे. आपल्या ठरावीक आराखड्यात 'भारत सरकार' आधीच छापलेले असते. नोटरीची नेमणूक केंद्र सरकारही करते आणि राज्य सरकारही. पुण्यात दोन्ही प्रकारचे नोटरी काम करतात. आमची नेमणूक महाराष्ट्र शासनाची आहे, अर्जातही तसेच भरले होते, तरी आराखड्यातला मजकूर तसाच राहिला. नोंदणी क्रमांकाच्या जागी वकिलीच्या सनदेचा क्रमांक बसवला आहे. तो बार कौन्सिल देते, नोटरीचा नोंदणी क्रमांक सरकार देते. आपल्या अर्जात 'रजिस्ट्रेशन नंबर' हा एकच रकाना आहे, त्यामुळे ही गल्लत पुन्हा पुन्हा होणार. रकान्यावर 'नोटरी नोंदणी क्रमांक, प्रॅक्टिस प्रमाणपत्राप्रमाणे' असे स्पष्ट लिहा. मध्यभागी सिंहमुद्रा कुणी मागितली नव्हती. नियम साधा शिक्का म्हणतो आणि राजचिन्हाच्या वापराला २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

शाईबद्दल थोडेच. सोबत आलेली बाटली पॅडला लागणाऱ्या पाण्याच्या शाईची आहे. ती प्री-इंक फोममध्ये घातली की छिद्रे बुजतात आणि ठसा मधूनच पुसट येऊ लागतो. भरलेली फिकट निळी शाई झेरॉक्समध्ये जवळजवळ दिसत नाही. काळी किंवा गडद जांभळी द्यावी.

आणखी एक गोष्ट, जिची आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते. ऑर्डर घेताना आपण नोटरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागितलीच नाही. म्हणजे कुणीही कुणाच्याही नावाचा नोटरी शिक्का आपल्याकडून बनवून घेऊ शकतो. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात रोज किती लोक नुसता गोल शिक्का पाहून कागदावर विश्वास ठेवतात, याचा विचार करा. प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय हा माल विकू नये, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

आमच्या मागण्या अशा: कागदावर ५० मि.मी. ठसा उठेल असा, योग्य मजकुराचा शिक्का विनामूल्य द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. सदोष शिक्का आम्ही अखंड स्थितीत कुरियरने पाठवणार नाही, तो वाटेत कुणाच्याही हाती पडू शकतो. छापणारा भाग आडवा-उभा कापून, त्याचा फोटो काढून तुकडे पाठवू. आमच्या आराखड्याची फाइल आपल्याकडून काढून टाकल्याचे लेखी कळवावे आणि आमचा ठसा जाहिरातीत नमुना म्हणून वापरू नये.

'नाव घातलेला माल परत नाही' ही अट इथे लागू होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

कळावे,

वकील व नोटरी कार्यालय,
शिवाजीनगर, पुणे

सोबत: खरेदीची पावती, भरलेल्या अर्जाची प्रत, फूटपट्टीसह ठशाचा फोटो (नोंदणी क्रमांक झाकलेला)