बेसिनची गळती एकदाची सापडली

कोलंबस, ओहायो

ती. बाबांना सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला बेसिनखालचं काही नीट दिसेना, त्यात आईचं “आधी जेवून घे” चालूच होतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

इथे बेसिन लाकडी कपाटावर बसवतात. त्यामुळे गळती लागली तरी फरशी कोरडीच राहते आणि कपाटाचा तळ आत गुपचूप भिजत राहतो. तो भुशाचा दाबलेला फळा, पाणी प्यायला की टम्म फुगतो. बसवणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “नट आवळा.” तुम्हीही तेच विचारलंत. पण ट्रॅपच्या, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या पाइपच्या, नटाचा काही दोष नव्हता.

सगळे पाइप पुसून प्रत्येक जोडाला टिश्यूपेपर गुंडाळला. ओला डाग लगेच दिसतो. बूच लावून थोडं पाणी साठवलं, तर सगळं कोरडं. नळ तसाच चालू ठेवला आणि पाणी वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकात शिरलं मात्र, कपलिंगच्या, म्हणजे बेसिनच्या भोकात बसवलेल्या निचऱ्याच्या नळीच्या, चेकनटखाली (तिला खालून आवळणाऱ्या नटाखाली) एक थेंब जमला, लोंबला आणि टपकला. मग दुसरा.

गंमत अशी आहे की ओव्हरफ्लोचं पाणी आत यावं म्हणून कपलिंगलाच कडेने खाचा असतात. म्हणजे कपलिंग आणि बेसिनचं भोक यांच्या फटीतही पाणी साचतं. ते खालच्या रबरी वॉशरवर थांबायला हवं. रबर चिनीमातीला घट्ट बसतं, पण कपलिंगचे आटे त्याच्या आतून जातात, आणि आट्यांच्या खाचेतून पाणी गोल गोल फिरत खाली येतं. चेकनट कितीही आवळा, ती वाट बंद होत नाही. जास्त जोर लावला तर बेसिनच तडकायचं.

मग कपलिंग काढून पुसलं. रबर जिथे येतं तिथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि रबराच्या वरच्या अंगाला सिलिकॉन लावलं. वरच्या कडीखाली पुट्टी. संगमरवरी बेसिन असतं तर पुट्टी टाळली असती, तिच्या तेलाचा डाग पडतो. नंतर वरून कपलिंग फिरू न देता खालून चेकनट आवळला. रात्रभर हात लावला नाही. तुम्ही जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावायचात, तेच हे काम, फक्त हात पांढरे होत नाहीत. ट्रॅपच्या नटांना मात्र टेप नाही लावली. तिथे पाणी वॉशर अडवतो, त्याची निमुळती बाजू ट्रॅपकडे हवी.

आता टिश्यू कोरडा आहे.

काकांच्या नव्या बाथरूममध्येही बेसिन बसतंय ना? आपल्याकडचं 32 मि.मी.चं कपलिंग म्हणजे इथलं सव्वा इंचीच. प्लंबरचे पैसे चुकते करायच्या आधी बूच लावून पाणी ओव्हरफ्लोपर्यंत चढू द्या आणि खाली हात फिरवून बघा. नुसता नळ सोडून “बघा, गळत नाही” म्हणाला तर ऐकू नका.

आईने दिलेली शिकेकाईची पुडी त्याच कपाटात होती, तिचा पार लगदा झाला. कुणी इकडे येणार असेल तर नवी पाठवायला सांगा. डब्यात भरून.

आपला,
नितीन