काका, त्या शेजारच्या बरणीबद्दल

प्रिय काका,

प्राणीगृहातून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणंही झाली. कामाचे आभार मात्र मानायचे राहून गेले.

मॉर्फिनची सवय लागलेल्या उंदराला नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम एकदम तोडणारं औषध) टोचलं की काही मिनिटांत तो अंग झटकतो, दात वाजवतो, उड्या मारतो, पातळ हगतो. अर्धा तास आधी किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोनिडिन हे रक्तदाबाचं औषध दिलं, तर यातलं बरंचसं थंडावतं. १९७८ साली अघाजानियन या संशोधकांनी कारणही दाखवलं होतं: मेंदूतल्या लोकस सेरुलियसच्या पेशी विथड्रॉवलमध्ये, म्हणजे सवयीचं औषध तुटल्यावरच्या त्रासात, भडकतात आणि क्लोनिडिन त्यांना अल्फा-२ रिसेप्टरमार्फत (पेशीवरच्या, औषध जिथे चिकटतं त्या जागेमार्फत) गप्प करतं. आकडे सुरेख येत होते. मोठमोठ्या पदव्यांची माणसं तक्ता बघून "प्राणी वाढवा" एवढंच सांगून गेली. उंदीर ठेवलेल्या बरणीत डोकावून कुणीच पाहिलं नाही.

तुम्ही पाहिलंत. मॉर्फिन कधीच न मिळालेल्या, फक्त सलाइनवरच्या गटातल्या उंदराला तेवढंच क्लोनिडिन द्यायला लावलंत आणि त्याची बरणी शेजारी ठेवलीत. तोही तसाच, पोट टेकून, पापण्या अर्ध्या मिटून बसला. "हा कशातून बरा झाला?" एवढंच विचारलंत, तेही कुणाला न हिणवता. असं विचारणारी माणसं प्रयोगशाळेत फार कमी भेटतात, आणि भेटली तरी त्यांचं नाव शोधनिबंधावर येत नाही.

लोकस सेरुलियस जागेपणही सांभाळतं, खरी गोम तिथेच आहे. विथड्रॉवल शमवणारी आणि गुंगी आणणारी जागा एकच. अल्फा-२ रिसेप्टर अडवणारं योहिम्बिन देऊन सुटका नाही, कारण ते दोन्ही परिणाम एकदमच उलटवतं. म्हणून आता नॅलोक्सोनच्या आधी दहा मिनिटं अ‍ॅक्टोफोटोमीटर (हालचाल मोजणारं यंत्र) आणि आदल्या दिवशी शिकवून ठेवलेल्या प्राण्यांवर रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल टिकतो का, ही चाचणी). हालचाल पडते त्या मात्रेवर अंग झटकणं कमी झालं, तर त्याला फारसा अर्थ नाही. जुलाबावरही विसंबता येत नाही, क्लोनिडिन आतडंच मंदावतं. पडलेली पापणी विथड्रॉवल आणि गुंगी, दोन्हीकडे दिसते. घटलेलं वजन तर सर्वांत फसवं, कारण या औषधाने लघवी वाढते. त्यातल्या त्यात विश्वासाची चाचणी जागेच्या तिटकाऱ्याची: विथड्रॉवल ज्या कप्प्यात भोगलं तो कप्पा उंदीर नंतर टाळतो का, हे औषध उतरल्यावर बघायचं.

क्लोनिडिन निरुपयोगी आहे असं यातून कुणी समजू नये. त्याच कुळातल्या लोफेक्सिडिनला अमेरिकेत २०१८ साली माणसांतल्या ओपिऑइड (मॉर्फिनसारख्या औषधांच्या) विथड्रॉवलसाठी मान्यता मिळाली. पण तिथे रुग्ण स्वतः सांगू शकतो की बरं वाटतंय की नुसती झोप येतेय.

'फक्त क्लोनिडिन' हा गट आता प्रत्येक प्रस्तावात असतो. तो कशाला, असं समितीत कुणी विचारलं की तुमचाच प्रश्न पुढे करतो.

तुमची,
औषधशास्त्र विभागातली पोरं